खानदेशात पहिली सायकल घेताना: आधी टायर, मग माप, गिअर शेवटी

प्रश्न अमळनेर तालुक्यातून आला आहे. वय ३८, उंची ५ फूट ५ इंच, वजन ८४ किलो. शाळा सुटल्यापासून सायकल सुटलेली. आता रोज गावातून अमळनेरला ८ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. त्यात दीड किलोमीटर कच्चा मुरूम, बाकी डांबर आणि गावातलं काँक्रीट. रविवारी ३०-४० किलोमीटरची फेरी आणि वर्षभरात चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा कन्नड घाट चढून जायचा मनसुबा. दुकानात त्यांना पुढे-मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि जाड गोट्यांचे टायर असलेली सायकल १४ हजारांना दाखवली आहे. घ्यावी का?

ती घेऊ नका, भाऊ. तेवढ्याच पैशात तुमच्या कामाची सायकल मिळते, फक्त ती दिसायला साधी असते.

आधी रस्ता बघा, सायकल नंतर. तापीचं खोरं सपाट आहे. धुळे, अमळनेर, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या पट्ट्यात चढ म्हणजे नाल्यावरचे पूल आणि रेल्वेचे उड्डाणपूल. खरा डोंगर दोन्ही कडांना आहे: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. रोजच्या १६ किलोमीटरमध्ये तुम्हाला त्रास देणार आहेत ते काटे, समोरचा वारा, ऊन आणि पावसाळ्यातली काळी माती. शॉकअपने यातलं काहीच सुटत नाही. उलट दोन गोष्टी वाढतात: वजन आणि मेहनत.

स्वस्त सायकलीचा पुढचा शॉकअप म्हणजे दोन नळ्यांत बसवलेली स्प्रिंग. चांगल्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, स्प्रिंगचा उसळा आवरायला तेल किंवा हवेची यंत्रणा असते, ती यात नसते. खड्ड्यात दबतो आणि तेवढ्याच जोरात परत उसळतो. वजन सव्वादोन-अडीच किलो. साधा सरळ चिमटा त्याच्या निम्म्यात बसतो. मागचा शॉकअप तर थेट पायातली ताकद खातो: पॅडल दाबलं की सायकल थोडी खाली बसते आणि ती मेहनत चाकापर्यंत पोहोचतच नाही. मागच्या सांध्यातले बुश साधारण वर्षभराच्या धुळीत ढिले होतात, मागचं चाक डावी-उजवीकडे डुलायला लागतं आणि ते बुश तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. त्यातही अशा फ्रेमवर धड कॅरियर बसत नाही, बाटलीच्या स्टँडला जागा नसते. डबा, बॅग आणि पाणी घेऊन रोज जाणाऱ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

मग खड्ड्यांचं काय? खड्डा टायर खातो. सायकलवर खर्च करण्यासारखी पहिली जागा टायर, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगतो.

टायरच्या भिंतीवर दोन आकडे छापलेले असतात: चाकाचा व्यास आणि टायरची रुंदी. आपल्याकडे दुकानात दिसणारी मापं अशी. जुन्या काळ्या सायकलीचं २८ × १½, रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. लेडीज सायकलीचं २६ × १⅜, म्हणजे ५९० मिलिमीटर. माउंटन सायकलीचं २६ × १.९५ किंवा २.१२५, म्हणजे ५५९ मिलिमीटर. त्याहून मोठं २७.५, म्हणजे ५८४. आणि रोड सायकलीचं व हायब्रिडचं (रोड आणि माउंटन यांच्या मधली सायकल) ७००सी, म्हणजे ६२२. २९ इंची माउंटन सायकलीची रिमसुद्धा हीच ६२२. यातला गोंधळ महागात पडतो, कारण लेडीजचा २६ आणि माउंटनचा २६ एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. सायकल घेण्याआधी तुमच्या गावातल्या पंक्चरवाल्याकडे कोणत्या मापाची ट्यूब टांगलेली आहे ते बघून या. २६ आणि २८ जवळपास कुठेही मिळतं. ७००सी आणि २७.५ साठी मोठ्या गावातलं दुकान लागू शकतं, म्हणून ही चाकं घेतली तर दोन ट्यूब घरात असू द्या.

रुंदीचं गणित सोपं आहे. डांबर जास्त आणि मुरूम थोडा असेल तर ३५ ते ४० मिलिमीटर. निम्मा रस्ता शेतातला असेल तर ४५ ते ५० मिलिमीटर, म्हणजे १.७५ ते २ इंच. २३-२५ मिलिमीटरचे रोड सायकलीचे टायर नवख्याने आपल्याकडे घेऊ नयेत; काँक्रीटच्या रस्त्यातले सांधे आणि गावागावातले उंच गतिरोधक यांवर ८४ किलो वजनाखाली ट्यूब रिम आणि रस्त्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. उलट जाड गोट्यांचा टायर डांबरावर घरघर आवाज करतो. तो आवाज म्हणजे तुमचीच ताकद. गोट्या मऊ जमिनीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. डांबरावर त्या फक्त वाकतात, आणि ओल्या वळणावर रस्त्याला टेकणारं रबर कमी असल्याने घसरतात. मधोमध सलग पट्टी आणि कडेला बारीक नक्षी असलेला टायर मागा.

हवा किती? छापलेला जास्तीत जास्त आकडा ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. तुमच्या वजनाला ७०० × ३८ टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास ठेवा. २ इंची टायरमध्ये मागे ४०-४२ आणि पुढे ३५. मुरूम जास्त असेल त्या दिवशी पाच कमी. ट्रकचे टायर भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर सायकल नेऊ नका; सायकलची ट्यूब एवढीशी असते की दोन सेकंदांत मर्यादा ओलांडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभ्या सायकलीचा काळा टायर त्याहून बराच तापतो. सकाळी २५ अंशांत ६० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला तर आतला दाब ६८-६९ होतो. चांगला टायर तेवढा सहज सोसतो. सुटतो तो जुना पॅच. म्हणून सायकल सावलीत लावा. उन्हात रोज उभी राहिली तर वर्ष-दोन वर्षांत टायरच्या भिंतीला बारीक भेगा पडतात आणि हँडलची मूठ चिकट होते.

आता काटे. खानदेशात सायकल सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण पंक्चर आहे, थकवा नाही. बांधावरच्या बाभळी आणि वेडी बाभूळ तोडून कुंपणाला ओढत नेतात तेव्हा रस्त्यावर काटे सांडतात. पावसाळ्यानंतर कडेच्या मातीत सराटे पसरलेले असतात आणि त्यांचा एक काटा नेहमी वर असतो. महामार्गाच्या कडेला तिसरा प्रकार: फुटलेल्या ट्रक टायरमधली केसासारखी बारीक पोलादी तार, जी टायरमध्ये रुतून बसते आणि बोटाला लागेपर्यंत दिसत नाही. उपाय तीन आहेत आणि ते एकत्र केलेले बरे. एक, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची पट्टी, ज्याला दुकानात टायर लायनर म्हणतात. तिची टोकं सँडपेपरने घासून गोल करा, नाहीतर तीच कड ट्यूब कापते. दोन, जाड ट्यूब. तीन, ट्यूबमध्ये सीलंट, ३८ ते ५० मिलिमीटर टायरला साधारण १०० मिलिलिटर. सीलंट घालायला वाल्व्हचा आतला खिळा निघायला हवा, आणि आपल्या उन्हात ते काही महिन्यांत वाळतं, तेव्हा पुन्हा घालावं लागतं.

पंक्चर स्वतः काढायला शिका. बहुतेक नवख्यांचा पॅच सुटतो याचं कारण एकच: सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबतात. ट्यूब घासून खरखरीत करा, पॅचपेक्षा मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्या, बोट लावल्यावर चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग पॅच लावून मधून कडेकडे दाबा. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून हळू बोट फिरवून काटा शोधा. तो आत राहिला तर दहा मिनिटांत तेच पंक्चर पुन्हा.

वाल्व्हही बघून घ्या. जाड, मोटारसायकलसारखा वाल्व्ह कुठेही भरता येतो. बारीक पितळी टोकाचा वाल्व्ह असेल तर त्याचा ॲडॉप्टर खिशात हवा, नाहीतर पेट्रोल पंपावरून रिकाम्या हाताने परत यावं लागेल.

टायरनंतर माप. दुकानदार 'सीट वर-खाली होते, सगळ्यांना बसते' असं म्हणेल. सीटची उंची बदलते. सीटपासून हँडलचं अंतर आणि दांडीची उंची बदलत नाही. घरी माप घेऊन जा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पाय दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर, दोन्ही मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट दाबून धरा, त्याच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून अंतर मोजा. ५ फूट ५ इंच उंचीला हे माप बहुधा ७५-७७ सेंटिमीटर भरतं. सायकलच्या दांडीवर पाय टाकून उभं राहिल्यावर हायब्रिडमध्ये किमान अडीच सेंटिमीटर आणि माउंटन सायकलीत पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. तुम्हाला १७ इंची फ्रेम बसण्याची शक्यता जास्त. १९ इंची 'ऑफरमध्ये आहे' म्हणून दिली तर घेऊ नका.

सीटच्या उंचीसाठी मघाचं माप ०.८८३ ने गुणा. ७६ ला ६७ सेंटिमीटर येतात. हे अंतर क्रँक (पॅडलचा दांडा) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत. मोजपट्टी नसेल तर टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पंजा पॅडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडी वाक राहते. आपल्याकडे बहुतेक लोक दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवतात, आणि महिन्याभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. गुडघ्याच्या मागे दुखत असेल किंवा पॅडल मारताना कंबर डोलत असेल तर सीट जास्त वर आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायची सवय करा. दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. सीटचा खांब वर करताना त्यावरची मर्यादेची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर फ्रेमची नळी तडकते.

सीट मऊ गादीसारखी घेऊ नका. पहिली दहा मिनिटं सुखाची जातात, मग ती दबते आणि वजन हाडांवरून सुटून मधल्या नाजूक भागावर येतं. सपाट, मध्यम कडक, मध्ये खाच असलेली सीट एक-दोन आठवडे बोचते, त्यानंतर तासभर बसता येतं.

आता गिअर, ज्याने सगळे भुलतात. २१ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात. पण त्यात बरेच जवळजवळ सारखेच असतात. कामाची गोष्ट ही: सगळ्यात हलका गिअर किती हलका? पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात. माउंटन सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ असतील तर ०.८६. हायब्रिडमध्ये २८ आणि २८, म्हणजे १. बिनगिअरच्या सायकलीत पुढे ४४ आणि मागे १८, म्हणजे २.४४.

या आकड्यांचा अर्थ रस्त्यावर असा निघतो. २६ इंची बिनगिअर सायकल पॅडलच्या एका फेऱ्यात ५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १८ किलोमीटर, सपाटीला अगदी योग्य. पण खानदेशात वारा लागतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून तापीच्या खोऱ्यातून वर येणारा वारा किती असतो हे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांकडे बघून कळतं. पश्चिमेला तोंड करून चालवताना वेग १० वर आला तर त्याच सायकलीत मिनिटाला ३३ फेरेच होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर सगळा जोर. गिअर सपाटीवर हवेत ते यासाठी. त्याला पुढे एक आणि मागे सात पुरतात.

घाटाचा हिशेब वेगळा. तुम्ही आणि सायकल मिळून ९८ किलो, चढ शंभर मीटरला सात मीटर, वेग ताशी ७ किलोमीटर: यासाठी साधारण १४५ वॅट सतत लागतात. नवख्याला सहा महिन्यांच्या सरावानंतर हे जमण्यासारखं आहे. गिअरचा भागाकार १ असेल तर ७००सी चाकावर मिनिटाला ५३ फेरे होतात, म्हणजे पाय फिरत राहतात. २.४४ वर २२ फेरे होतील, म्हणजे उभं राहून ढकलणं. तेव्हा कन्नड घाट मनात असेल तर सगळ्यात हलक्या गिअरचा भागाकार १ किंवा त्याखाली हवा. पुढे कधी शहाद्याहून तोरणमाळ करायचं असेल, जिथे जवळपास हजार मीटर चढावं लागतं, तर मागची १४-२८ फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच, १४ ते २८ दातांचा) बदलून १४-३४ बसवता येते. मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा) ३४ दात घेतो का आणि साखळी पुरते का, हे मिस्त्रीला आधी तपासू द्या. तोवर सायकल आहे तशीच चालवा.

गिअर वापरताना साखळी तिरकी ठेवू नका. पुढची मधली चकती मागच्या सातही चकत्यांबरोबर चालते. पुढची लहान फक्त मागच्या मोठ्या तिघींबरोबर, पुढची मोठी फक्त मागच्या लहान तिघींबरोबर. चढ सुरू होण्याआधी गिअर टाका. जोर लावत असताना टाकला तर साखळी अडकते, दात खाल्ले जातात.

ब्रेकच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: या बजेटात चांगला व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी गुटके दाबणारा) स्वस्त डिस्कपेक्षा बरा. व्ही-ब्रेकचे गुटके कुठल्याही दुकानात मिळतात आणि पाच मिनिटांत बदलतात. तारेवर चालणाऱ्या स्वस्त डिस्कमध्ये एकच गुटका सरकतो, तो चकतीला जराशी वाकवून दुसऱ्या गुटक्यावर दाबतो. चकती थोडी वाकडी झाली की दर फेऱ्याला किरकिर सुरू. तिच्या पॅडचे आकार कंपनीगणिक वेगळे असल्याने तालुक्याला मिळतीलच असं नाही. डिस्कचा खरा फायदा पावसात आणि चिखलात आहे, आणि तुमचा दीड किलोमीटर मुरमाचा आहे. तोच रस्ता काळ्या मातीचा असता तर वेगळा विचार करावा लागला असता: ओली काळी माती व्ही-ब्रेक आणि मडगार्डमध्ये भरून चाकच थांबवते. तसा रस्ता असेल तर डिस्क घ्या आणि टायरच्या वर मडगार्डला बोटभर जागा आहे का ते बघा. आणि पेरणीच्या पावसात गाडवाटेवर कोणतीच सायकल चालत नाही, तिथे ती खांद्यावर येते.

८४ किलो वजन असेल तर मागचं चाक नीट बघून घ्या. दुहेरी भिंतीची ॲलॉय रिम आणि ३६ तारा मागा. स्वस्त चाकांच्या तारा कारखान्यातून सैल येतात. सैल तार प्रत्येक फेऱ्याला थोडी वाकते, सरळ होते, आणि चाकाच्या मधल्या हबजवळच्या कोपऱ्यात तुटते. तीही बहुतेक वेळा फ्रीव्हीलच्या बाजूची, कारण तिथल्या तारा जास्त उभ्या बसवलेल्या असतात. शेजारच्या दोन-दोन तारा बोटांनी दाबून बघा. सगळ्या सारख्या कडक लागल्या पाहिजेत. सैल असतील तर चांगल्या मिस्त्रीकडून ताण देऊन आउट काढून घ्या.

म्हणजे तुमच्यासाठी: ७००सी चाकाची, ३५-४० मिलिमीटर टायरची, सरळ चिमट्याची हायब्रिड; व्ही-ब्रेक; ३ × ७ गिअर; कॅरियर-मडगार्डचे बोल्ट बसायला फ्रेमवर भोकं; १७ इंच. ॲलॉय फ्रेम बजेटात आली तर उत्तम, नाहीतर पोलादी चालेल. दोन किलो जास्त भरतील, पण तुटली तर गावातला वेल्डरही जोडतो. अशी हायब्रिड जवळ मिळत नसेल तर सरळ चिमट्याची २६ किंवा २७.५ इंची माउंटन सायकल घ्या आणि तिचे टायर बदलून मधल्या पट्टीचे घाला. हा दुसरा पर्याय कमी प्रतीचा मानू नका. २६ ची ट्यूब जवळपास कुठेही मिळते, हा त्याचा मोठा गुण आहे.

ज्यांची गरज वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रोज तीन-चार किलोमीटर दूध, भाजी, शेत इतकंच असेल तर बिनगिअरची सायकल घ्या आणि मागची १८ दातांची फ्रीव्हील काढून २० ची टाका. अगदी कमी खर्चात सायकल दहा टक्के हलकी चालते. काळी २८ इंची सायकल ओझ्यासाठी आजही चांगली आहे, केळीचा घड किंवा चाऱ्याचा भारा ती निमूट नेते. पण वजन २० किलोच्या पुढे आणि लोखंडी रिमवर रॉडचा ब्रेक पावसात फार उशिरा लागतो, तेव्हा ओल्या रस्त्यावर दुप्पट अंतर राखा. साडी किंवा सलवार नेसून चालवणाऱ्यांनी आणि पन्नाशीपुढे गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी दांडी नसलेली, साखळीवर पूर्ण कव्हर असलेली सायकल बघावी. त्या आता गिअरसह मिळतात. चार इंची टायरच्या फॅट सायकली वाळू आणि बर्फासाठी आहेत, डांबरावर त्या ओढाव्या लागतात. ई-सायकल घेणार असाल तर मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. बॅटरी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या.

चौदा हजारांतले बारा सायकलीला ठेवा. उरलेल्यात दाबमापक असलेला उभा पंप, हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, कुलूप आणि बाटलीचा स्टँड. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला निघून आठच्या आत परत यावं लागतं, म्हणजे निघताना पुरतं उजाडलेलं नसतं. मागचा दिवा त्यासाठी. तासाला पाऊण ते एक लिटर पाणी धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनी छापील किंमत दाखवून हिशेब करत असतील तर बिलात दर बघा.

पैसे देण्याआधी दुकानातच या गोष्टी करा. चाक फिरवून ब्रेकच्या गुटक्याशी रिमचं अंतर बघा, एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त डुलू नये. चाक धरून आडवं हलवा. खडखड झाली तर कोन (आसावर छर्रे धरून ठेवणारे नट) सैल आहेत, आणि चाक अडखळत फिरलं तर जास्त आवळलेत. दोन्हींत छर्रे लवकर खराब होतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला; हँडलखाली टकटक लागू नये. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल वळवा, ते एकटं फिरू नये. पुढचा चिमटा उलटा बसवलेला नाही ना ते बघा. त्याचं खालचं टोक पुढे झुकलेलं असतं, आणि डिस्क असेल तर ती बसणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. खोक्यातून आलेल्या सायकलीत ही चूक अनेकदा सापडते. पॅडलवर डावं-उजवं लिहिलेलं असतं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते जबरदस्तीने बसवलं असेल तर क्रँकचे आटे गेले. शेवटी सायकल स्टँडवर घेऊन सगळे गिअर टाका. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून साखळी तारांकडे उडत असेल तर डिरेलरचा मर्यादेचा स्क्रू लावून घ्या. रस्त्यात ती आत गेली तर डिरेलर, तारा आणि कधी फ्रेमचं टोकही मोडतं.

साखळीला गाडीचं जुनं काळं ऑइल लावू नका. आपल्याकडची धूळ त्यात बसून सँडपेपरचं काम करते. प्रत्येक कडीला एक थेंब पातळ तेल, दोन मिनिटं पॅडल उलटं फिरवायचं, मग कोरड्या फडक्याने वरून पूर्ण पुसायचं. साखळीच्या बारा पूर्ण जोड्या नवेपणी बरोबर १२ इंच भरतात. पोलादी पट्टीवर त्या एका सुताच्या निम्म्याने, म्हणजे दीड मिलिमीटरने वाढल्या की साखळी बदला. उशीर केला तर फ्रीव्हीलही बदलावी लागते. दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपल्यावर, एकदा ओव्हरऑइलिंग करून हबमधलं जुनं ग्रीस काढून नवं भरा.

पहिल्या १०० ते १५० किलोमीटरनंतर सायकल पुन्हा दुकानात न्यावीच लागते. तोवर ब्रेक आणि गिअरच्या तारा थोड्या ताणलेल्या असतात, चाकाच्या तारा बसलेल्या असतात आणि क्रँकचा बोल्ट सैल होऊ लागलेला असतो, विशेषतः डावा. सैल क्रँकवर चार-पाच दिवस चालवलं तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळा, क्रँक नवाच घ्यावा लागतो. ही दुसरी तपासणी फुकट आहे का ते पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.